मुक्काम कोणाचा, मळा कोणाचा?

महाराष्ट्राबाहेर चार-सहा पिढ्या काढलेल्या आपल्या कुटुंबांना नाशिकचा मुक्काम नवा नाही. इंदूर-ग्वाल्हेरची मंडळी आग्रा रोडने चांदवड, पिंपळगाव, ओझर मागे टाकीत येत. बडोद्याची मंडळी सापुताऱ्याच्या वाटेने, वणीच्या सप्तशृंगीला हात जोडून दिंडोरीवरून उतरत. हैदराबादेहून आम्ही मनमाडमार्गे आगगाडीने येत असू. रामकुंडावर वाडवडिलांच्या अस्थी सोडायच्या, त्र्यंबकेश्वरी राहिलेला विधी उरकायचा आणि क्षेत्रोपाध्यायांच्या वहीत आपल्या घराण्याची नावे शोधून त्यांखाली नव्या पिढीची नावे लिहवायची, हा त्या प्रवासाचा क्रम. रात्रीचा मुक्काम उपाध्यांच्या वाड्यात नाहीतर धर्मशाळेत. यात्रेकरूला रात्र काढण्यास निवारा द्यावा, हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले. अहिल्याबाई होळकरांचे नाव देशभर घेतले जाते ते त्यांच्या घाटांइतकेच त्यांच्या धर्मशाळांसाठी.

त्याच रस्त्यांवर आज वेगळ्या मुक्कामाच्या पाट्या लागलेल्या दिसतात. गंगापूर धरणाच्या परिसरात, दिंडोरीच्या माळावर, द्राक्षाच्या ओळींमध्ये खोल्या उभ्या राहिल्या आहेत. संध्याकाळी वाइनचे चार-पाच घोट चाखावेत, कारखान्यातील पोलादी टाक्या पाहाव्यात, हंगाम असेल तर हौदात उतरून पायांनी द्राक्षे तुडवावीत, आणि रात्री मळ्याकडे उघडणाऱ्या खिडकीशी निजावे, असा हा कार्यक्रम. सुला या कंपनीची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००५ मध्ये तिने पाहुण्यांसाठी चाखण्याचे दालन उघडले, २००८ पासून बागेत संगीताचा उत्सव भरू लागला आणि २०१० मध्ये मुक्कामाची सोय झाली. वर्षाला तीन लाखांहून अधिक माणसे तेथे जातात. इतर कारखान्यांनीही तीच वाट धरली आहे. २०२७ चा सिंहस्थ समोर असल्याने नाशिकभोवती राहण्याच्या सोयी वाढणार, हे उघड आहे.

आमचे म्हणणे आरंभीच स्पष्ट करतो. वाइन पिणे पाप आहे की नाही, हा आमचा विषय नाही. द्राक्षमळ्यात रात्र काढण्यासही आमची हरकत नाही. आमची हरकत आहे ती या साऱ्या व्यवहाराला शेतकऱ्याच्या नावाने जी मान्यता, सवलत आणि पुण्याई मिळवली जाते तिला. द्राक्ष शेतकऱ्याचे आणि रात्र दुसऱ्याची, अशी ही वाटणी आहे. तिला कृषिपर्यटन म्हणणे ही भाषेची फसवणूक आहे, आणि भाषेची फसवणूक झाली की साहित्यसंस्थेने गप्प बसू नये, असे आम्हांस वाटते.

या प्रश्नावर महाराष्ट्रात आजवर झालेला वाद चुकीच्या जागी झाला. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय तेथील मंत्रिमंडळाने घेतला. लगेच दोन पक्ष पडले. एक म्हणे, महाराष्ट्राचे मद्यराष्ट्र होणार. दुसरा म्हणे, वाइन म्हणजे दारू नव्हेच आणि यात शेतकऱ्याचे कल्याण आहे. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, पुढे सरकार बदलले आणि निर्णय अमलात आलाच नाही. त्या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी नेटाने विचारला नाही : बाटलीमागे, आणि आता खोलीमागे, बागाईतदाराच्या हाती किती पडते? एकाने संस्कृतीचा कैवार घेतला, दुसऱ्याने शेतकऱ्याचा. शेतकरी मात्र दोघांच्याही भाषणातच राहिला.

हा प्रश्न विचारण्याचा हक्क जनतेला आहे, कारण या धंद्याला जनतेने हात दिला आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे स्वतंत्र धोरण आणले. राज्यात बनणाऱ्या वाइनला उत्पादनशुल्कात सूट मिळाली. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन उद्योगासाठी खास वसाहती आखल्या गेल्या. पुढे वाइनवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के कारखान्यांना परत देण्याची योजना आली, आणि २०२३ साली ती आणखी पाच वर्षे चालवण्याचे ठरले. उद्योगास प्रोत्साहन देण्यात गैर काही नाही. परंतु प्रत्येक वेळी कारण एकच सांगितले गेले : द्राक्ष बागाईतदारास भाव मिळावा. कारण ते असेल, तर फलितही त्याच मापाने मोजले पाहिजे.

आता त्या बागाईतदाराची स्थिती पाहू. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षक्षेत्रापैकी वाइनच्या वाणांखाली असलेले क्षेत्र हा फार लहान हिस्सा आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड भागातील बहुतेक बाग खाण्याच्या द्राक्षाची : थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश अशा वाणांची. या द्राक्षाला निदान तीन दरवाजे असतात. परदेशी गेले तर उत्तम. नाही तर देशी बाजार आहे. तेथेही भाव पडला तर शेडवर टाकून बेदाणा करता येतो. वाइनच्या द्राक्षाला दरवाजा एकच. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्यों, शिराझ, कॅबरने यांचे मणी लहान, बिया असलेले, सालीला जाड. मंडईत ते कोणी घेत नाही. कारखान्याने करार पाळला तर ठीक. कारखान्याने पाठ फिरवली तर घडाला गिऱ्हाईक नाही. वेल लावल्यापासून पीक हाती यायला दोन-तीन वर्षे जातात आणि मांडवावर घातलेला पैसा परत निघायला त्याहून अधिक.

ही भीती काल्पनिक नाही. २००८ च्या अखेरीस जगात मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेले ओस पडली आणि वाइनचा खप घसरला. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत नाशिकमधील कित्येक लहान कारखाने बंद पडले. नारायणगावला १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी फ्रेंच तंत्राने फसफसती वाइन करून ज्या कंपनीचे नाव जगभर नेले, ती कंपनीही त्याच सुमारास बुडाली. बागाईतदारांनी मग काय केले? कित्येकांनी वाइनचे वेल उपटले, काहींनी त्याच खोडांवर खाण्याच्या द्राक्षाचे कलम बांधले. धोरणाच्या कागदावर ते ‘उद्योगातील चढउतार’ म्हणून नोंदले जाते. बांधावर ते कर्ज म्हणून राहते.

अशा वेळी मुक्कामाच्या धंद्याने बागाईतदारास आधार द्यायला हवा होता. द्राक्षाचा भाव पडला तरी पाहुणा येतो, खोलीचे भाडे मिळते, आणि ते त्याच्या घरात आले असते तर वाईट वर्ष निभावले असते. घडते उलटे. खोल्या कारखानदाराच्या. चाखण्याचे दालन कारखानदाराचे. भोजनगृह त्याचे, दुकान त्याचे, उत्सवाचे तिकीट त्याचे. ज्या दृश्याचे पैसे पाहुणा मोजतो, त्या हिरव्या ओळी मात्र कंपनीच्या कुंपणापाशी संपत नाहीत. त्या दरीभर पसरलेल्या शेजारच्या शेतकऱ्यांच्या असतात. एप्रिलमध्ये खरडछाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडीछाटणी, पावसात डाऊनी, थंडीत भुरी, पहाटे उठून फवारणी, असे वर्षभर राबून तो शेतकरी ते दृश्य राखतो. खिडकीतून दिसणाऱ्या देखाव्याचे भाडे त्याला मिळत नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने बागा झोडपल्या, तेव्हा पाहुण्याला मुक्कामाची तारीख पुढे ढकलता आली. शेतकऱ्याला आपले पीक पुढे ढकलता येत नव्हते.

याच मळ्यांत आणखी एक मुक्काम असतो. त्याची जाहिरात होत नाही. छाटणी, विरळणी, तोडणी यांसाठी पेठ, सुरगाणा, त्र्यंबक या तालुक्यांतून आणि शेजारच्या डांगातून आदिवासी कुटुंबे निफाड-दिंडोरीच्या बागांवर उतरतात. कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची ही माणसे हंगामभर बागेच्या कडेला, पत्र्याच्या शेडखाली नाहीतर प्लास्टिकच्या कागदाच्या झोपडीत राहतात. मुले बरोबर असतात, म्हणजे शाळा सुटलेली असते. हा दोष एकट्या वाइनवाल्यांचा नाही, खाण्याच्या द्राक्षाचे बागाईतदारही त्यात आले; शेतकऱ्याची बाजू घेताना हे झाकून ठेवणे आम्हांस मान्य नाही. परंतु जेथे एका रात्रीच्या निजण्यासाठी पाहुणा हजारो रुपये मोजतो, त्याच परिसरात द्राक्ष तोडणारी बाई आपल्या लेकरासह कागदाच्या आडोशाला निजते, हे ‘ग्रामीण जीवनाचा अनुभव’ देणाऱ्या कोणत्याही माहितीपत्रात का नसावे? ग्रामीण जीवन दाखवायचेच असेल तर ते पूर्ण दाखवावे. पाहुण्याने हौदात उतरून पाच मिनिटे द्राक्षे तुडवली तर त्याचे छायाचित्र निघते. दिवसभर वाकून घड खुडणारीचे निघत नाही.

पाण्याचेही तसेच. न्यायाने सांगायचे तर ठिबकावरची द्राक्षबाग उसाइतके पाणी पीत नाही, आणि ओढ्यानाल्यांत बंधारे घालण्याची कामे काही कारखान्यांनी केली आहेत. तरीही गोदावरीचे पाणी हा नाशिकमध्ये नाजूक विषय आहे. गंगापूर धरणावर नाशिक शहराची तहान भागते. अवर्षणाच्या वर्षी वरच्या धरणांतून जायकवाडीला किती पाणी सोडायचे यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा समोरासमोर उभे राहतात. २००५ च्या कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व घातल्यापासून तर हा वाद न्यायालयापर्यंत गेला आहे. पावसाळ्यात ज्या पेठ-सुरगाण्यात धो धो पाऊस कोसळतो, तेथेच उन्हाळ्यात बाया झऱ्याच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. मराठवाड्याचा कोरडा घसा ज्यांच्या घरांत आजही आठवणीने ओला होत नाही, अशी हैदराबादेत आमच्यातील कितीतरी कुटुंबे आहेत. तेव्हा त्या खोऱ्यात पोहण्याचे तलाव बांधणाऱ्याने आपल्या पाण्याचा हिशेब जाहीर मांडावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

‘तुम्ही बाहेरचे, तुम्हांला काय त्याचे?’ असे कोणी म्हणेल. त्यास आमच्याकडे उत्तर आहे, कारण आम्ही हा खेळ आमच्या दारात पाहिला आहे. हैदराबाद ही एके काळी द्राक्षाची नगरी होती. १८९० च्या सुमारास अब्दुल बाकर खान यांनी येथे आणलेल्या वेलीपासून ‘अनाब-ए-शाही’ हा वाण सर्वत्र पसरला. शहराभोवतीच्या खेड्यांत त्याचे मांडव उभे होते. राजेंद्रनगरला द्राक्ष संशोधन केंद्र आहे ते त्याच वैभवामुळे. आज ते मांडव कोठे आहेत? शहर वाढले, वर्तुळमार्ग आले, शमशाबादला २००८ मध्ये विमानतळ आला, जमिनीचा भाव पिकाच्या भावाला सोडून आकाशात गेला. द्राक्षाने पोट भरण्यापेक्षा जमीन विकणे शहाणपणाचे ठरले आणि बागांच्या जागी वसाहती आल्या. काही वसाहतींच्या नावात द्राक्ष उरले असेल, ताटात नाही. विलासी मुक्कामाने खेड्यातील जमिनीचा भाव चढू लागतो, तेव्हा याच वाटेचे पहिले पाऊल पडते. गंगापूरच्या आसपास शेतघरे आणि बंगल्यांचे भूखंड पाडले जात आहेत, ते काही द्राक्षावरील प्रेमाने नव्हे.

गोव्यातील वाचकांना तर आम्ही काय सांगावे? किनाऱ्यावरच्या खेड्यांत पाहुण्याची रात्र आधी घरात होती, मग हॉटेलात गेली, आणि आता कोणाच्या हातात आहे हे त्यांना ठाऊक आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. परंतु डोंगरातल्या भट्टीवर रात्र जागवणाऱ्याची मिळकत आणि किनाऱ्यावर तिचा पेला ओतणाऱ्याची मिळकत यांतील अंतर त्या प्रमाणपत्राने मिटवलेले नाही. बेळगाव भागातील वाचकांनी अथणी-विजापूरकडचे बेदाण्याचे शेड पाहिले आहेत. तेथील बागाईतदार आपला माल तासगाव-सांगलीच्या सौद्यात नेतो, पडता भाव सोसतो, पण निदान त्याचा माल त्याच्या हातात असतो. कर्नाटकानेही २००७ मध्ये वाइनचे धोरण केले आहे. उद्या विजापूरच्या माळावर मुक्कामाच्या खोल्या उभ्या राहिल्या, तर नाशिकची चूक तेथे पुन्हा गिरवली जाऊ नये.

या धंद्याचे समर्थक रोजगाराचा दाखला देतात. तो खरा आहे. खेड्यातील मुले-मुली तेथे नोकरीस लागली, इंग्रजी बोलू लागली, काहींनी वाइन बनवण्याचे शिक्षण घेतले. यात आम्हांस आनंद आहे. परंतु जमिनीचा मालक असलेल्या घरातला मुलगा त्याच जमिनीच्या दृश्यावर चालणाऱ्या धंद्यात पेले मांडणारा झाला, हे प्रगतीचे अर्धेच चित्र आहे. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व कुळकायद्याने ज्या राज्यात रुजवले, तेथे कसणाऱ्याच्या वाट्याला जमिनीचे श्रम यावेत आणि जमिनीची शोभा दुसऱ्याने विकावी, ही त्या तत्त्वाची थट्टा आहे.

वाइनच्या बाबतीत युरोपचा आदर्श नेहमी पुढे केला जातो. तो घ्यावा, पण पुरता घ्यावा. ऑस्ट्रियाचा सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ मध्ये आज्ञा काढून द्राक्ष पिकवणाऱ्यास स्वतः केलेली वाइन आणि आपल्या घरचे खाद्य आपल्या दारात विकण्याची मुभा दिली. दारावर हिरवी डहाळी टांगली की आज येथे घरची वाइन मिळेल, हे गावाला कळे. व्हिएन्नाभोवती ती प्रथा आजही जिवंत आहे. इटलीने १९८५ मध्ये शेतावरील मुक्कामाचा कायदा केला. त्याचे सूत्र असे, की मुक्काम हा शेतीला जोडून आणि शेतीला पूरक असावा. शेती हाच मुख्य व्यवसाय राहावा आणि पाहुणा ठेवणारा स्वतः शेतकरी असावा. आपण युरोपातून पिंप आणली, पेले आणले, वाणांची नावे आणली, हौदात नाचणे आणले. शेतकऱ्याला मालक ठेवणारा कायदा मात्र बंदरावरच राहिला.

महाराष्ट्राने २०२० मध्ये कृषिपर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. तेव्हा मार्ग नाही असे नाही. त्याला धार हवी. आमच्या मागण्या चार आहेत. पहिली : शेतावरील मुक्कामाच्या सवलती ज्याची मुख्य उपजीविका शेती आहे त्यालाच, त्याच्या घराला किंवा त्याच्या गटाला मिळाव्यात, कंपनीच्या विश्रामगृहास हॉटेल म्हणावे, आणि हॉटेलाचे सर्व कर व नियम त्यास लावावेत. दुसरी : कर परत घेणाऱ्या कारखान्याने बागाईतदाराशी लेखी करार, किमान भाव आणि ठरल्या मुदतीत पैसे, या तिन्ही गोष्टी पाळल्याचा दाखला दिल्याशिवाय एक पैसाही परत मिळू नये. तिसरी : बागेत पाहुण्यांच्या खोल्या बांधण्याची परवानगी मागणाऱ्याने त्याच बागेतील हंगामी मजुरांसाठी पक्का निवारा, पाणी आणि मुलांच्या शाळेची सोय आधी दाखवावी. चौथी : पाण्याचा वापर ग्रामसभेपुढे दरवर्षी ठेवावा. यांतील एकही मागणी वाइनच्या विरुद्ध नाही. ज्याला या मागण्या जाचक वाटतील, त्याने निदान शेतकऱ्याचे नाव घेणे सोडावे.

शासन हे करील तेव्हा करील. आपल्या हाती जे आहे ते आपण आजच करू शकतो, कारण या व्यवहारातील पाहुणे आपणच आहोत. आपली मुले आज पुण्या-मुंबईत, बंगळुरात, परदेशात आहेत. सुटीत ती नाशिकला जातात ती रामकुंडावर कमी आणि मळ्यात अधिक. त्यांना जाऊ नका असे सांगणे व्यर्थ आहे आणि तसे सांगण्याचे कारणही नाही. त्यांना एवढेच सांगावे, की रात्र काढायची तर दिंडोरी-निफाडच्या एखाद्या बागाईतदाराच्या घरी काढा. तेथे खोली साधी असेल, पण सकाळी ज्याच्या बरोबर बाग पाहाल तो बागेचा धनी असेल. औषधाला किती लागले, मजुरी किती गेली, मागल्या वर्षी भाव काय मिळाला, हे त्याला विचारा. कारखान्यातही जरूर जा. परंतु चाखण्याच्या दालनात, हे द्राक्ष कोणाच्या शेतातले आणि त्याला किलोमागे काय दिले, हा प्रश्न विचारल्यावाचून पेला उचलू नका. असा प्रश्न शंभर पाहुण्यांनी विचारला तर उत्तर तयार ठेवणे भाग पडेल, आणि हजारांनी विचारला तर बहुधा भावही सुधारेल.

आपले पूर्वज परमुलखात गेले तेव्हा कोणाच्या तरी ओसरीवर त्यांनी पहिली रात्र काढली आणि ज्याच्या ओसरीवर निजलो त्याचे नाव ते विसरले नाहीत. पाहुण्याने यजमानाचे नाव विचारावे, ही आपल्याकडची साधी रीत आहे. द्राक्षमळ्यातला खरा यजमान कोण, हे विचारण्याची वेळ आता आली आहे.